ट्रकचं इंजिन गरम का होतं: कूलिंग सिस्टीमचं काम आणि दोष शोधायचा क्रम

घाटात काटा लाल रेघेकडे सरकू लागला की आपल्याकडे तीन उपाय ठरलेले आहेत. पाणी भर, रेडिएटर धुऊन घे, आणि तरीही भागलं नाही तर थर्मोस्टॅट, म्हणजे पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप, काढून टाक. यातला तिसरा उपाय बहुतेक वेळा दुखणं वाढवतो. पहिला, म्हणजे मिळेल ते पाणी ओतणं, हेच पुष्कळदा दुखण्याचं मूळ असतं. राहिला रेडिएटर धुण्याचा. तो बरोबर आहे, पण धुणारा नेमकी घाण अडकते ती जागा सोडून बाकी सगळं धुतो.

मध्यम आणि जड ट्रकमधलं सहा सिलिंडरचं टर्बो डिझेल इंजिन डोळ्यांसमोर ठेवून पुढचं लिहिलं आहे. जेसीबी, ऊसतोडणी यंत्र, बोअरच्या गाडीवरचा कॉम्प्रेसर, जनरेटर यांचं तत्त्व तेच. फरक आकाराचा आणि धुळीचा.

किती उष्णता, किती पाणी

२०० हॉर्सपॉवरचं, म्हणजे साधारण १५० किलोवॅटचं इंजिन पूर्ण लोडवर आहे असं धरू. डिझेलमधल्या ऊर्जेपैकी ४० टक्क्यांच्या आसपास चाकांकडे जाते. उरलेल्यातली बरीचशी सायलेन्सरवाटे निघून जाते, आणि साधारण पाव हिस्सा कूलंटच्या, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, गळ्यात पडतो. आकड्यात मांडलं तर ९० किलोवॅट: दोन किलोवॅटचे ४५ गिझर एकदम चालू ठेवावेत एवढी उष्णता.

ही उष्णता उचलून नेणारं कूलंट अख्ख्या सिस्टीममध्ये असतं जेमतेम २५ लिटर. इंजिनात शिरताना आणि बाहेर पडताना त्याच्या तापमानात फरक राहायला हवा फक्त ६ ते ८ अंशांचा. हिशोब केला तर मिनिटाला सुमारे २०० लिटर कूलंट फिरावं लागतं. म्हणजे तेच २५ लिटर दर मिनिटाला सात-आठ वेळा इंजिनातून आणि रेडिएटरमधून जातात. "पाणी फुल आहे तरी गाडी हीट मारते" या तक्रारीचं उत्तर या आकड्यात आहे. टाकी भरलेली असणं ही पहिली अट झाली. ते पाणी त्या वेगानं फिरतंय का, हा खरा प्रश्न.

पाण्याचा फेरा

रेडिएटरच्या खालच्या टाकीतून कूलंट वॉटर पंपाकडे येतं. गॅरेजात याला वॉटर बॉडी म्हणतात. पंप ते आधी ऑइल कूलरमधून आणि मग ब्लॉकमध्ये, सिलिंडरांभोवती ढकलतो. तिथून हेड गॅस्केटच्या भोकांतून ते हेडमध्ये, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणात, चढतं. इंजिनातली सगळ्यात अवघड जागा इथे आहे: दोन एक्झॉस्ट वॉल्व्हमधली आणि इंजेक्टरभोवतीची अरुंद वाट. हेडमधून कूलंट थर्मोस्टॅटपाशी येतं. तो उघडा असेल तर रेडिएटरच्या वरच्या टाकीत, बंद असेल तर बायपासने परत पंपाकडे.

या मुख्य रस्त्याला फाटे आहेत. एअर ब्रेकचा कॉम्प्रेसर, केबिनचा हीटर, ईजीआर कूलर (इंजिनात परत घ्यायचा जळलेला वायू थंड करणारा), काही इंजिनांत टर्बोचं बेअरिंग, आणि आताच्या बीएस ६ गाड्यांत धूर साफ करणाऱ्या युरियाची टाकी गरम करणारी नळीसुद्धा. हे फाटे लक्षात ठेवा. कूलंट कुठे गायब होतंय ते बाहेरून कळत नाही, तेव्हा चोर बहुधा यातल्याच एखाद्या फाट्यावर सापडतो.

थर्मोस्टॅट काढायचा नाही

थर्मोस्टॅटमध्ये मेणाची छोटी कुपी असते. मेण वितळलं की फुगतं आणि झडप ढकलतं. ट्रकच्या बऱ्याच इंजिनांत ती ८२-८३ अंशांना उघडू लागते आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडते. नेमका आकडा त्याच्या कडेवर ठोकलेला असतो.

एवढं बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते असं, की जड इंजिनांतला थर्मोस्टॅट दोन कामं करतो. वरची झडप रेडिएटरकडचा रस्ता उघडते, त्याच वेळी खालची चकती बायपासचं तोंड बंद करते. आता तो काढून टाकला तर काय होईल? रेडिएटरचा रस्ता उघडा राहील हे खरं, पण बायपासही उघडाच राहील. पाणी सोपी वाट धरतं. बायपासची वाट आखूड आणि मोकळी, म्हणून पाण्याचा मोठा हिस्सा रेडिएटरला न शिवता गरमच्या गरम परत इंजिनात जातो. सपाटीवर रिकामी गाडी थंड चालते, ड्रायव्हर खूश होतो. माल भरून कसारा चढायला लागला की काटा पुन्हा वर.

दुसरं नुकसान हळूहळू होतं. डिझेल इंजिन ६० अंशांवर तासन्‌तास चाललं तर डिझेल नीट जळत नाही, पांढरा धूर येतो, न जळलेलं डिझेल भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये उतरतं, ऑइलमधली वाफ बाहेर न पडता चिकट गाळ होतो आणि सिलिंडर लवकर झिजतो. कूलिंग सिस्टीम इंजिन थंड करण्यासाठी नसते, ते एका तापमानाला धरून ठेवण्यासाठी असते.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तपासा. पातेल्यात पाणी घ्या, दोरीने तो मध्ये टांगा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर धरा. कडेवरच्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे झडप हलायला लागली पाहिजे आणि पूर्ण तापमानाला आठ-दहा मिलिमीटर तरी उघडली पाहिजे. अर्धवट उघडून थांबला तर नवीन टाका. बसवताना त्यावरचं हवेचं छोटं भोक किंवा हलणारी पिन वरच्या बाजूला ठेवा. खाली आली की हवा अडकते.

झाकणाची किंमत

रेडिएटरचं किंवा टाकीचं प्रेशर कॅप दोन-चारशे रुपयांची वस्तू म्हणून कुणी तिच्याकडे बघत नाही. सिस्टीममधला दाब मात्र तिच्याच हातात असतो. समुद्रसपाटीला पाणी १०० अंशांना उकळतं. कॅपने ०.७ बार दाब धरला तर ११५ च्या आसपास उकळतं, कूलंट निम्मं मिसळलेलं असेल तर आणखी वर.

दाब दोन ठिकाणी कामाला येतो. पहिली जागा हेडमधली ती अरुंद वाट. तिथला धातू सरासरी पाण्यापेक्षा खूप गरम असतो, बारीक बुडबुडे सतत उठतात. दाब असेल तर ते लगेच विरतात. दाब गेला की धातूवर वाफेचा पडदा बसतो आणि वाफ उष्णता नेत नाही. हेडला वॉल्व्हच्या मधोमध तडा जातो तो अशानं. दुसरी जागा पंपाचं तोंड. पंप पाणी खेचतो म्हणून तिथे दाब सगळ्यात कमी. कॅप ढिली असेल तर ९०-९५ अंशांचं पाणी पंपाच्या तोंडाशीच उकळू लागतं, पंप वाफ घुसळत बसतो आणि २०० लिटरचे १०० लिटर होतात. काटा शंभराच्या आत असतानाही पाणी जादा पाण्याच्या बाटलीतून बाहेर फेकलं जातं, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण निघतं.

उंचीवर हा हिशोब आणखी कडक होतो. दर ३०० मीटरला उकळबिंदू अंदाजे एक अंश उतरतो. महाबळेश्वरला, १,३५० मीटरवर, उघडं पाणी ९५-९६ अंशांना उकळतं. लेहला, ३,५०० मीटरवर, ८८ च्या आसपास, म्हणजे थर्मोस्टॅट नीट उघडायच्या आधीच. माल घेऊन लडाखला जाणाऱ्या गाडीला नवी कॅप हा सगळ्यात स्वस्त विमा आहे. कॅप बदलताना तिच्यावरचा दाबाचा आकडा जुन्याशी नव्हे, गाडीच्या पुस्तकाशी जुळवा. जुनी कॅप कुणी बसवली होती कोण जाणे.

कॅपमध्ये उलटी, आत हवा घेणारी लहान झडपही असते. ती चिकटली तर गाडी थंड होताना आत पोकळी तयार होते आणि सकाळी होज पाईप चपटा झालेला दिसतो.

हवा: रेडिएटर, इंटरकूलर, फॅन

टर्बो गाडीत रेडिएटरच्या पुढे इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी, असतो, एसी असेल तर त्याचा कंडेन्सरही. धूळ, किडे, कापसाचे तंतू, उसाचं पाचट हे पुढच्या जाळीतून आत जातं आणि इंटरकूलर आणि रेडिएटर यांच्या फटीत बसतं. समोरून पाणी मारलं की इंटरकूलर चकचकीत होतो, मधला थर जागेवर राहतो. ऊसतोडणी यंत्रावर तर हा थर नमद्यासारखा जाडजूड निघतो.

धुताना दोन्ही कोअर, म्हणजे इंटरकूलरची आणि रेडिएटरची जाळी, एकमेकांपासून सोडवा, निदान वरचे बोल्ट काढून कलवा. पाणी किंवा हवा फॅनच्या बाजूने समोरच्या दिशेने मारा, कारण घाण समोरून आली आहे. प्रेशर वॉशर तिरका मारला तर जाळीतले पातळ पत्र्याचे पंख दुमडतात आणि दुमडलेला पंख म्हणजे बंद खिडकी. ऑइलचा चिकटा असेल तर साबणाचं पाणी मारून थोडा वेळ मुरू द्या.

फॅनचं झाकण, म्हणजे श्राउड, फुटलं म्हणून काढून ठेवलेल्या गाड्या रस्त्यावर पुष्कळ दिसतात. श्राउड नसेल तर फॅन स्वतःभोवतीचीच गरम हवा फिरवत राहतो. व्हिस्कस क्लचचा फॅन थंड इंजिनावर हलका फिरतो आणि गरम झाल्यावर घट्ट पकडतो. गरम इंजिन बंद करून हाताने फिरवून पाहिलं आणि तो सहज दोन-तीन गिरक्या मारत असेल, किंवा क्लचच्या मधोमध तेलाचा ओघळ असेल, तर क्लच गेला. काही जण तो बोल्ट मारून कायमचा घट्ट करतात. वाटेत अडकलात तर ठीक आहे. पण फॅन खातो ती ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते: वेग दुप्पट, ताकद आठपट. कायमचा घट्ट केलेला फॅन रोज डिझेल पितो.

कूलंट आणि बोअरचं पाणी

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" हा प्रश्न सोलापूरपासून नांदेडपर्यंत ऐकू येतो. बर्फ पडत नाही, पण त्या भागातलं बोअरचं पाणी जड आहे. तापलं की त्यातले क्षार सगळ्यात गरम जागेवर, म्हणजे नेमके हेडमध्ये आणि सिलिंडरच्या वरच्या भागावर चिकटतात. एक मिलिमीटर क्षाराचा थर उष्णता अडवण्यात बिडाच्या दोन-अडीच सेंटिमीटर जाडीइतका भारी पडतो. काट्यावर पाण्याचं तापमान ठीक दिसतं, कारण उष्णता पाण्यापर्यंत पोचतच नाही, आणि आत पिस्टन सिलिंडरला घासून ओढला जातो.

दुसरं कारण वेट लायनर. लायनर म्हणजे ब्लॉकमध्ये बसवलेली सिलिंडरची नळी. ज्या इंजिनांत कूलंट थेट लायनरला लागतं, तिथे पिस्टनच्या ठोक्यांनी लायनर सतत थरथरतो. त्या थरथरीने बाहेरच्या अंगाला सूक्ष्म बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा लोखंडाचा कण उडवतो. काही वर्षांत सुईने टोचल्यासारखी भोकं आरपार जातात आणि पाणी ऑइलमध्ये येतं. जड इंजिनाच्या कूलंटमध्ये नायट्राइट किंवा तत्सम रसायन असतं, ते लायनरवर पातळ कवच धरून हे थांबवतं. कमिन्सच्या ५.९ लिटर बी सिरीजला लायनरच नाहीत, पिस्टन थेट ब्लॉकमध्येच कोरलेल्या सिलिंडरमध्ये चालतो, ८.३ लिटरच्या सी सिरीजला वेट लायनर आहेत. आपलं इंजिन कुठल्या प्रकारचं, हे एकदा विचारून घ्या.

म्हणून डब्यावरचा रंग बघून कूलंट घेऊ नका. हिरवा, लाल, निळा हा कंपनीचा शौक आहे, त्याला कसलंही मानक नाही. डब्यावर जड डिझेल इंजिनासाठीचं एएसटीएम डी ६२१० हे मानक शोधा किंवा इंजिन कंपनीने सांगितलेलंच घ्या. कार आणि बाइकसाठीचं कूलंट स्वस्त पडतं, पण लायनर वाचवणारं रसायन त्यात असेलच असं नाही. दोन जातींची कूलंट मिसळू नका.

प्रमाण निम्मं-निम्मं. जास्त घातलं की जास्त चांगलं, असं इथे नाही. ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी उचलतं. मिसळायला डिस्टिल्ड पाणी, म्हणजे बॅटरीत घालतो तेच, वापरा. तयार मिसळलेलं कूलंट असेल तर त्यात काहीही घालू नका.

कूलंट बदलण्याची पद्धत

१. गाडी सपाट जागी, इंजिन हाताला कोमट. कॅपवर जाड फडकं टाकून पहिल्या खाचेपर्यंत फिरवा, दाब जाऊ द्या, मग काढा. वरचा होज हाताने दाबता येत नसेल तर कॅपला हात लावू नका.

२. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. रेडिएटरचा खालचा नळ उघडा आणि ब्लॉकवरचा ड्रेन प्लगही. तो प्लग उघडायचा राहिला तर जुनं, गाळाचं कितीतरी लिटर कूलंट आतच राहतं आणि बहुतेक ठिकाणी तो उघडायचा राहिलेलाच असतो.

३. निघालेलं कूलंट बादलीत मोजा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा बरंच कमी निघालं तर आधीच कुठेतरी हवा होती किंवा गळती. तळाशी हात फिरवा: तांबूस गाळ म्हणजे गंज, पांढरी वाळू म्हणजे क्षार, वर तेलाची साय म्हणजे ऑइल कूलर.

४. साधं स्वच्छ पाणी भरून इंजिन थर्मोस्टॅट उघडेपर्यंत चालवा, थंड होऊ द्या, काढा. पाणी नितळ येईपर्यंत हेच. क्षार असेल तर इंजिन कंपनीने मान्य केलेलं क्लीनर वापरा. ॲसिड ओतू नका, ॲल्युमिनियमचा कोअर खाऊन टाकेल.

५. होज हाताने दाबून पाहा. फुगलेला, कडक झालेला, क्लिपपाशी चिरलेला बदलाच. पंपाच्या सक्शनकडच्या होजमध्ये तारेची स्प्रिंग असेल तर ती जागेवर आहे ना पाहा. ती नसली तर जास्त आरपीएमला होज चपटा होतो.

६. नवीन मिश्रण हळूहळू भरा. घाईत ओतलं तर ब्लॉकच्या वरच्या भागात हवा अडकते. हेडवर हवा सोडायचा नट असेल तर तिथून बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवा.

७. कॅप उघडीच ठेवून इंजिन आयडलवर. वरचा होज एकदम गरम झाला की थर्मोस्टॅट उघडला. पातळी खाली जाईल, भरा, कॅप लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनावर पुन्हा पाहा. बहुतेक वेळा लिटर-दीड लिटर कमी झालेलं असतं.

जुनं कूलंट गटारात किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, कुत्री आणि गुरं ते चाटतात.

घाटात काटा वर गेला तर

खालचा गिअर टाका. आरपीएम वाढली की पंप आणि फॅन दोन्ही जोरात फिरतात आणि इंजिनावरचा ताण कमी होतो. एसी बंद, हीटर पूर्ण चालू. ड्रायव्हर घामाघूम होईल, पण तो हीटर म्हणजे एक छोटा जादा रेडिएटरच. जागा मिळाली की थांबा आणि पाणी असेल तर इंजिन लगेच बंद न करता हजार-बाराशे आरपीएमला चालू ठेवा. तडक बंद केलं तर पंप थांबतो आणि हेडमध्ये साठलेली उष्णता तिथलंच पाणी उकळवते.

याला एकच अपवाद. काटा वर जाऊन अचानक खाली पडला आणि इंजिनाचा आवाज जड झाला, तर पाणी संपलं आहे. सेन्सर वाफेत लटकतो आणि खोटं कमी तापमान दाखवतो. तेव्हा त्याच क्षणी बंद करा. आणि तापलेल्या इंजिनावर किंवा आत गार पाणी ओतू नका, हेड तिथेच तडकतं.

दोष शोधताना हा क्रम धरा

आधी स्वस्त आणि बाहेरचं, मग महाग आणि आतलं. थंड असताना पातळी. कॅप आणि सिस्टीमला हातपंपाने कॅपइतका दाब देऊन दहा-पंधरा मिनिटं पंपावरचा दाबाचा काटा पाहणं. पंपाच्या खालचं गळतीचं भोक. तिथून थेंब येत असेल तर सील गेलं आहे, ते भोक एम-सीलने बुजवणारे महाभाग आहेत, त्यांच्या पंपाचं बेअरिंग आधी जातं. बेल्टचा ताण. दोन कोअरमधली घाण. मग इन्फ्रारेड थर्मामीटरने लोडखाली रेडिएटरच्या दोन्ही टाक्यांचं तापमान: फरक ६ ते १० अंश म्हणजे ठीक. फरक फार मोठा असेल तर पाणी हळू फिरतंय, जवळजवळ नसेल तर हवा कमी पडतेय. कोअरवर एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत.

तेल पाण्यात आलं पण पाणी तेलात नाही, तर ऑइल कूलर. इंजिन चालू असताना ऑइलचा दाब कूलंटपेक्षा जास्त असतो, म्हणून तेल पाण्याकडे ढकललं जातं. बंद केल्यावर ऑइलचा दाब शून्य, कूलंटचा शिल्लक. तेव्हा उलटं होतं. म्हणून रात्रभर उभ्या गाडीचा ऑइलचा ड्रेन प्लग सकाळी किंचित सैल करून पाहा, आधी पाणी निघतं का. कूलंट कमी होतंय, बाहेर थेंब नाही, तेल स्वच्छ आहे आणि सायलेन्सरमधून गोडसर वासाची पांढरी वाफ येते, तर ईजीआर कूलरवर संशय घ्या.

टाकीत सतत बुडबुडे येणं याला सगळे हेड गॅस्केट म्हणतात आणि लगेच हेड उतरवतात. जरा थांबा. थंड इंजिन चालू करा, थर्मोस्टॅट बंद असतानाच बुडबुडे दिसतात का ते पाहा. दिसले तर एअर कॉम्प्रेसरच्या कूलंटच्या दोन्ही नळ्या सोडवून तोंडं बंद करा आणि पुन्हा चालू करून दोन-तीन मिनिटांत निकाल पाहा. कॉम्प्रेसरला कूलंट नसताना तो जास्त वेळ चालवायचा नाही. बुडबुडे थांबले तर दोष कॉम्प्रेसरच्या हेडचा किंवा त्याच्या गॅस्केटचा, खर्च काही हजारांत. थांबले नाहीत तर निळ्या द्रवाची गॅस टेस्ट करा; जळलेल्या वायूने तो हिरवा किंवा पिवळा पडला, तरच पाना हेडच्या बोल्टला लावा.